पहिल्यांदा मेकअप कॉन्फरन्सला निघालीस ना?

अगं, मुंबईला जाते आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. कुडाळहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस धर, सकाळी दादरला उतरशील. आदल्या दिवशी कुठलीही ऑर्डर घेऊ नकोस, जागरणाने डोकं चालत नाही.

डेमोला बसशील तेव्हा मॉडेलच्या चेहऱ्याकडे कमी, आर्टिस्टच्या हाताकडे जास्त बघ. फाउंडेशन किती घेतलं, स्पंज घासला की दाबला, पावडर कधी लावली. व्हिडिओ करण्यापेक्षा वहीत लिही. आणि एक लक्षात ठेव, तिथला हॉल एसी असतो. आपली नवरी मे महिन्यात मांडवात बसते, वर पत्रा, समोर होम. म्हणून हात वर करून विचार, "दमट हवेत हा फाउंडेशनचा बेस टिकवायला काय कराल?" लाजू नकोस. मुंडावळ्यांचे मोती कानशिलावर घासून बेस निघतो, तेही विचार. मी हे पहिल्या वर्षी विचारलं नाही आणि पुढच्याच लग्नात फोटोत नवरीच्या दोन्ही कानशिलांवर पट्टे दिसले. अजून वाईट वाटतं.

स्टॉलवर सवलत बघून खरेदी नको. शेड जबड्याच्या कडेला लाव, बाहेर उन्हात जाऊन बघ, तासभर थांब. डब्यामागे उघड्या झाकणाचं चित्र असतं, त्यात १२एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून १२ महिने. आपल्याकडे महिन्याला दोनच ऑर्डर असतील तर मोठी बाटली कशाला?

चहाच्या वेळी ओळखी कर. माझ्या अर्ध्या ऑर्डरी तिथूनच आल्यात.