वाचकांचे प्रश्न : गरुडाचा पासपोर्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मुंबईवर मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीगच पडला. ब्लॅकआउट आणि रेशनच्या आठवणींची पत्रं पुढच्या खेपेला घेईन. आज फक्त हिटलरच्या छळातून निसटून इथे पोचलेल्यांबद्दल.

प्रश्न : माझे आजोबा फोर्टात एका जर्मन ज्यू डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात पोलीस डॉक्टरांना घेऊन गेले, असं ते सांगत. हिटलरपासून पळालेल्या माणसाला इंग्रजांनी का धरावं? (गिरगाव)

उत्तर : आजोबा खरं तेच सांगत होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झालं आणि जर्मन पासपोर्ट बाळगणारा माणूस सरकारदरबारी ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ ठरला. तो का आला, कोणाला भिऊन आला, हे विचारायला त्या घाईत कोणी थांबलं नाही.

तो पासपोर्ट डोळ्यांसमोर आणा. वर गरुड, त्याच्या पंजात स्वस्तिक. आत पहिल्या पानावर लाल शाईत रोमन ‘जे’ हे भलंमोठं अक्षर. हा शिक्का ऑक्टोबर १९३८पासून ज्यूंच्या पासपोर्टांवर मारायला लागले. जानेवारी १९३९पासून ज्यूंच्या नावांत आणखी एक नाव घुसडलं गेलं : पुरुषाला ‘इस्राएल’, बाईला ‘सारा’. म्हणजे हा माणूस आपला नव्हे, हे जर्मन सरकारनेच पानोपानी लिहून दिलं होतं. आपल्याकडच्या पोलिसांनी मात्र वरचा गरुड तेवढा पाहिला. व्हिएन्नाच्या लोकांचीही तीच गत, कारण मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ते आपोआप जर्मन झाले.

धरलेल्यांना अहमदनगरच्या छावणीत नेलं. (नगर म्हटलं की नेहरू आठवतात. ते १९४२ साली, आणि किल्ल्यात. ही छावणी वेगळी.) तिथे सुक्याबरोबर ओलंही जळत होतं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित करणारे फ्रान्झ ओस्टेन १९३६पासून नाझी पक्षाचे सभासद होते, तेही अटकेत गेले. ज्यांच्यामुळे घरदार सुटलं त्यांच्याच शेजारी निर्वासितांनी पंगतीला बसायचं! पुढे चौकशी समिती नेमली आणि बहुतेक ज्यूंना सोडलं, पण ‘शत्रू’ हे लेबल चटकन निघालं नाही. पोलिसांकडे हजेरी, प्रवासाला परवानगी, हे चालूच राहिलं.

प्रश्न : आकाशवाणीची सुरुवातीची धून एका ज्यू निर्वासिताने केली, हे खरं की व्हॉट्सअ‍ॅपवरची थाप? (डोंबिवली)

उत्तर : व्हॉट्सअ‍ॅपवर कधीमधी खरंही येतं. वॉल्टर कॉफमन, जन्म १९०७, गाव कार्ल्सबाड, शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये. डॉक्टरेटचं काम पुरं झालं होतं, पण मार्गदर्शक नाझींचा पाठीराखा निघाला म्हणून त्यांनी पदवीच नाकारली, असं सांगतात. १९३४ साली ते मुंबईत उतरले. त्याच वर्षी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. पियानोवर ते आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील.

ती धून आता मोबाइलवर लावून ऐका. आधी नुसता तंबोरा. तुमचे कान ‘सा’वर स्थिरावले की मग व्हायोलिन येतं, आणि तेही मिरवत नाही. मुंबईत आला तेव्हा ज्याला आपलं संगीत परकं वाटलं होतं, त्या माणसाने तंबोऱ्याला मागे ढकललं नाही, धुनेचा पाया केलं. मला यात कॉफमनची सगळी तालीम दिसते. रेकॉर्डी विकत घ्यायच्या, समजत नसल्या तरी पुन्हा लावायच्या, हा त्याचा खाक्या होता. १९३७पासून तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. १९४६ साली तो मुंबई सोडून गेला तो गेलाच. कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला, मग अमेरिकेत प्राध्यापक, आणि १९६८मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला. मुंबईने त्याची काय आठवण ठेवली, तर रोज सकाळी रेडिओ लावला, नाव मात्र विचारलं नाही.

प्रश्न : जे. जे.त शिकते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा मुंबईच्या चित्रकारांचा गट ‘युरोपियनांनी घडवला’, असं आमच्याकडे सर्रास बोलतात. तुम्हाला काय वाटतं? (परळ)

उत्तर : साफ चूक वाटतं. वॉल्टर लांगहामर व्हिएन्नाहून आले, पत्नी ज्यू आणि स्वतः समाजवादी, त्यामुळे तिकडे राहण्याची सोयच नव्हती. इथे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. त्यांच्या नेपियन सी रोडच्या घरी तरुण चित्रकार जमत, रझा त्यांतले एक. युरोपातूनच आलेले रूडी फॉन लायडन समीक्षा लिहीत, श्लेसिंजर चित्रं विकत घेत. एवढं मान्य. पण त्या गटातले कृष्णाजी आरा बघ. दुसऱ्यांच्या घरी नोकर म्हणून राबणारा माणूस, रात्री चित्रं काढायचा. फॉन लायडनची नजर पडली म्हणून तो चित्रकार झाला नाही, आधीच होता म्हणून नजर पडली. गटातल्याच सूझांना तर तुमच्याच कॉलेजातून काढलं होतं! १९४७चा तो गट त्यांच्या रागातून आणि हट्टातून उभा राहिला. पाहुण्यांनी दिलं ते पाहणारं डोळस गिऱ्हाईक, जे इथल्या चित्रकारांना मिळत नव्हतं. ते काही थोडं नाही, पण त्याला घडवणं म्हणत नाहीत.

प्रश्न : मुंबईने ज्यूंसाठी दारं सताड उघडली, हे अभिमानाने सांगावं ना? (दादर)

उत्तर : जरा जपून. व्हिसा इंग्रज सरकारच्या हातात होता, आणि नोकरी किंवा कोणीतरी हमीदार दाखवल्याशिवाय तो मिळायचा नाही. मुंबईत १९३४ साली निघालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही मदतसंस्था अशी हमी घेई. आलेले मूठभर, न आलेले किती, ते आपण जाणतो. डॉक्टर निर्वासितांविरुद्ध तर इथल्या डॉक्टरमंडळींनीच कुरकुर केली, धंद्यात वाटा नको म्हणून. नेहरू म्हणत होते, असे तज्ज्ञ आपल्याला हवेत, येऊ द्या. गांधींनी नोव्हेंबर १९३८मध्ये ‘हरिजन’मध्ये ज्यूंबद्दल कळवळ्याने लिहिलं, पण उपाय सुचवला सत्याग्रहाचा. आणि त्या काळात सावरकरांनी सुनावलं की जर्मनीला काय मानवतं ते नेहरूंपेक्षा हिटलरला जास्त कळतं. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब तेव्हा अनेक मराठी घरांत मांडला जात होता. अभिमान बाळगा, पण ही पानं फाडून नको.

प्रश्न : कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिलेले पोलंडचे लोक ज्यू होते का? (ठाणे)

उत्तर : बहुतेक कॅथलिक. ते स्टालिनच्या तावडीतून सुटलेले : सायबेरिया, मग इराण, मग हिंदुस्थान. वळिवड्यात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार जण होते. मुलांची एक तुकडी १९४२ साली आपल्या वांद्र्यातही काही काळ ठेवली होती.

प्रश्न : जुन्या कागदांत रेड क्रॉसचा एक छापील फॉर्म सापडला. जर्मनमध्ये जेमतेम तीन ओळी टाइप केल्या आहेत. हे काय आहे? (कुलाबा)

उत्तर : युद्धात शत्रुदेशांमधलं टपाल बंद होतं. तेव्हा जिनीव्हाच्या रेड क्रॉसमार्फत असे निरोप जात. मर्यादा पंचवीस शब्दांची, आणि फक्त घरगुती मजकूर : बरे आहोत, पत्ता बदलला, आईची काळजी करू नका. पोचायला महिनोन्महिने लागत आणि उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहून यायचं, म्हणून आधी मागची बाजू आणि दोन्ही शिक्क्यांच्या तारखा बघा. वाचून घ्यायला काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन सांस्कृतिक केंद्रात, कोणी भेटतं का पाहा. ‘पत्ता बदलला’ हे शब्द असतील तर नाव आणि जुना पत्ता नीट उतरवून घ्या, कारण तो बदल बऱ्याचदा स्वखुशीचा नसे. जर्मनीत बाड आरोल्सनच्या संग्रहात छळ झालेल्यांची कोट्यवधी कागदपत्रं आहेत, तिथे नाव टाकून घरबसल्या फुकट शोधता येतं. आणि कृपा करून फॉर्म लॅमिनेट करू नका, सेलोटेपही लावू नका.