पहिली यादी लावताना

पहिल्यांदाच वर्षातल्या सर्वोत्तम मराठी सिनेमांची यादी लावतोयस, तर गल्ल्याचा आकडा बाजूला ठेव. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’नं तुफान गर्दी खेचली, तरी माझ्या यादीत ‘वाळवी’ पहिला आणि ‘आत्मपॅम्फ्लेट’ दुसरा. परेश मोकाशींच्या ‘वाळवी’त खुनाचा बेत फसत जातो आणि त्यात एकही प्रसंग उगाच आलेला नाही. इतकी घट्ट पटकथा आपल्याकडे फार क्वचित दिसते रे! ‘आत्मपॅम्फ्लेट’ (लेखन पुन्हा मोकाशींचंच, दिग्दर्शक आशिष बेंडे) शाळकरी प्रेमातून थेट जातीच्या प्रश्नापर्यंत पोचतो, तोही हसवत. थिएटरातून बाहेर पडल्या पडल्या क्रमांक देऊ नकोस. आठवडाभरानंतरही काय डोक्यात घोळतंय ते बघ. आणि छोटे सिनेमे पहिल्याच आठवड्यात गाठ, पुढे त्यांचे खेळच उरत नाहीत.