क्लब काढायचाय, पण आईबापांना पटवायचं कसं?

प्रश्न : ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. माझी नणंद अमेरिकेत ओहायोला असते, तिची पोरगी तिकडं फोर-एच म्हणून क्लब असतो त्यात आहे, शेळी पाळते, हिशेब पण स्वतःच ठेवते. आमच्या गल्लीतल्या पोरांसाठी असं काहीतरी सुरू करावं असं फार वाटतंय, पण सांगायला गेलं की एकच, यानं मार्क वाढणार काय, आणि शेतातच राबवायचं तर शाळेत कशाला घातलंय?
— एक आई

उत्तर : तुमची तळमळ पोचली. आणि तिकडचे आईबाप पण सुरुवातीला असेच होते हो. १९०० च्या आसपास अमेरिकेतल्या कृषी कॉलेजवाल्यांनी नवीन बियाणं, नवीन पद्धत कितीही सांगितली तरी मोठे शेतकरी ऐकत नव्हते, पोरं मात्र लगेच करून बघायची, मग पोराचा मका बघून बाप विचारायला यायचा. तुमच्या नणंदेच्या ओहायोतच १९०२ साली ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या शाळा-अधिकाऱ्यानं असा क्लब काढला, त्यातनंच पुढं फोर-एच झालं. १९१० ला साउथ कॅरोलिनात मेरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींसाठी टोमॅटो क्लब काढला, प्रत्येकीला एकराचा दहावा भाग, म्हणजे आपले चार गुंठे, लावायचं तिनंच आणि डबाबंद करून विकायचं पण तिनंच. चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ, आणि सगळा भर करून शिकण्यावर.

तेव्हा घरोघर जाऊन समजावत बसू नका, दाखवा. मार्क वाढतील असं तर कुणालाच सांगू नका. शेतातल्या कामाचं विचारलं तर एवढंच सांगा की घरच्या शेतात पोरगं सांगितलेलं करतं, इथं ठरवणार तेच.

आपल्याकडं रताळी आहेतच की, त्यानंच सुरू करा. पावसाळ्यात प्रत्येक पोराला एकेक वरंबा द्यायचा, वेल त्यानंच लावायचे आणि वही ठेवायची, वेल किती लावले, शेणखत किती पाट्या, खुरपणी कधी, कुठला वेल कुजला आणि का. कुजलेल्याचं लिहायला पोरं लाजतात, पण तेच लिहून घ्या, खरं शिकणं तिथंच आहे. चारेक महिन्यांनी काढणीला सगळ्या घरच्यांना बोलवा, आजीला पण, आणि वजन पोरालाच करू द्या, बेळगाव मार्केटचा त्या दिवसाचा दर पण त्यानंच काढायचा. वहीतला खर्च वजा करून पोरगं बापाला नफा सांगतं ना, तेव्हा मार्काचं कोण विचारत नाही.

ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांच्या पोरांना शिलाई, सायकल दुरुस्ती, कोंबड्या, काहीही चालतं, फोर-एचमध्ये पण नुसती शेती नसते. मुलींना फक्त स्वयंपाकाचं काम देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. गल्लीत कन्नड घरं असतील तर निरोप दोन्ही भाषेत द्या, पोरं एकत्रच खेळतात, क्लब वेगळा कशाला. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांना जानेवारीनंतर मोकळं सोडा, म्हणजे घरचे धास्तावणार नाहीत.

बियाण्याचं, रोगाचं काही अडलं तर बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे, तिथं विचारा, आणि जाताना दोन पोरांना घेऊन जा, प्रश्न त्यांनाच विचारू दे.