ओढ्याकडे जाणारी पावसाळी लाइन

प्रश्न : आमची ४८ फ्लॅटची सोसायटी पुण्यात सहकारनगर भागात, आंबील ओढ्याच्या काठी आहे. पाऊस जोराचा झाला की पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी साचतं. कमिटीने तीन कामं काढली आहेत. उरलेल्या मातीच्या अंगणावर पेव्हर ब्लॉक, गच्चीचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं, आणि ओढ्याकडची भिंत थोडी पुढे घेऊन उंच करणं. मी सेक्रेटरी आहे. सही करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, या तिन्ही कामांवर सही करू नका.

आधी गच्चीच्या पाइपांचं सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. मी ड्रेनेजच्या कामांवर साइट इंजिनिअर होते, तरीही आमच्या इमारतीत प्लंबरने गच्चीचा पाइप जवळच्या चेंबरला जोडला तेव्हा मी गप्प राहिले. पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यावरच्या आजींच्या न्हाणीघरात मैलापाणी उलटं चढलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ड्रेनेजची लाइन घराघरातल्या सांडपाण्याच्या हिशोबाने टाकलेली असते. गच्चीचं पाणी तिच्यात कोंबलं की चेंबरची झाकणं उचलली जातात आणि ती घाण रस्त्यावरून ओढ्यातच जाते.

याची उलटी चूकही घरोघरी असते. कपडे धुण्याची मोरी, बाल्कनीतलं वॉशिंग मशीन पावसाळी लाइनला जोडलेलं असतं. ही लाइन शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, थेट ओढ्यात उतरते आणि ओढा दत्तवाडीजवळ मुठेला मिळतो. म्हणून एक काम एप्रिलमध्ये करा. पाऊस नसताना, सकाळी आठच्या सुमारास, सगळ्यांची धुणी चालू असताना पावसाळी चेंबरचं झाकण उघडून बघा. ते कोरडं ठणठणीत असायला हवं. साबणाचा फेस वाहत असेल तर एकेका मोरीत बादलीभर रंगीत पाणी ओतायला सांगा. कोणाचा पाइप चुकीचा जोडलाय ते तासाभरात समजेल. भांडण मात्र करू नका. बहुतेकांना आपला पाइप कुठे जातो हेच माहीत नसतं.

आता अंगण. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं अंगण १५०० चौरस मीटर धरलं, तर ५० मिलिमीटरच्या सरीत ७५,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजारांचे साडेसात टँकर. मातीत यातलं थोडं मुरतं, बाकीचं रेंगाळत जातं. खाली काँक्रीट घालून वर ब्लॉक बसवलेत तर जवळजवळ सगळं एकदम फाटकाकडे धावेल, वाटेत गाड्यांचं ऑइलही घेऊन. पार्किंगमध्ये पाणी साचतं ते बहुधा उतार चुकल्याने किंवा जाळी गाळाने बुजल्याने. मे महिन्यात जाळ्या उपसून घ्या, गाळ बाहेर नेऊन टाका, आणि झाडणाऱ्या मावशींना पालापाचोळा जाळीत लोटू नका असं समजावून सांगा. पैसे खर्चायचेच असतील तर गच्चीच्या पाण्यासाठी शोषखड्डा घ्या: तळाला दगडगोटे, वर खडी, त्यावर जाड वाळू. मात्र पुण्याखाली काळा पाषाण आहे. कुठे मुरूम लागतो, कुठे दोन फुटांवर खडक. आधी खड्डा खणून त्यात पाणी भरा, रात्रभरात किती उतरतं ते बघा, मगच जागा ठरवा. बोअरमध्ये सोडायचं ते फक्त गच्चीचं, गाळलेलं पाणी. पहिल्या एक-दोन पावसांचं बाहेर जाऊ द्या. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीच नको.

भिंतीबद्दल लिहिताना हात जड होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मी ओढ्यापासून दोन गल्ल्यांवर होते. अंधारात गाड्या एकमेकींवर आपटल्याचे आवाज येत होते. त्या पुरात पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली, अरण्येश्वरजवळ तर भिंतच अंगावर पडून. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पेशवाईतच एकदा वळवलेला आहे. पर्वतीच्या पायथ्याचं तळं, म्हणजे आजची सारसबाग, त्याच काळातलं. पण तेव्हा काठाला मोकळी जमीन होती. आज तुम्ही भिंत दोन फूट पुढे नेलीत तर तेवढं पाणी समोरच्या वस्तीत शिरणार, आणि भिंत पडली तर तिचाच बांध होऊन पाणी तुमच्याकडे तुंबणार. आहे त्या भिंतीतली पाणी जाण्याची भोकं बुजलीत का ते बघा, पाया इंजिनिअरकडून तपासून घ्या. काठावर करंज, उंबर असतील तर तोडू देऊ नका, त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलाय.

कमिटीच्या बैठकीला जाताना साडेसात टँकरचा हिशोब कागदावर लिहून न्या. आणि एप्रिलमध्ये चेंबरमध्ये काय दिसलं ते मला नक्की कळवा.