ट्रकशेजारची स्कूटर

प्रश्न: ताई, परवा मुसळधार पावसात पाम बीच रोडवर मला पुढचं काही दिसत नव्हतं, पण गाडीतल्या रडारने ट्रक ओळखून इशारा दिला. अंतर इतकं नेमकं कसं कळतं?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: माझी अख्खी नोकरी रडारचे सिग्नल बघण्यात गेली, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. रडारने एक मायक्रोसेकंदाचा साधा स्पंद, म्हणजे रेडिओ लहरींचा क्षणिक झोत सोडला, तर एकमेकींपासून 150 मीटरच्या आत असलेल्या दोन वस्तू एकच भासतात. स्पंद आखूड करावा, तर ऊर्जा कमी पडते. त्यावरचा तोडगा म्हणजे चिर्प, सतारीवरच्या मींडेसारखी चढत जाणारी वारंवारता. गाडीतलं रडार 77 गिगाहर्ट्झच्या आसपास अशी मींड घेतं. प्रतिध्वनी उशिरा येतो, तोवर मूळ सूर वर गेलेला असतो. त्या फरकातून अंतर निघतं. मींडेत वारंवारता एकूण 1 गिगाहर्ट्झने चढत असेल, तर एकमेकींपासून 15 सेंटिमीटर अंतरावरच्या वस्तूही वेगळ्या कळतात. ओळीने अनेक चिर्प सोडले की फेजमधल्या, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यातल्या, बदलावरून वेगही समजतो.

मला काळजी असते ती स्कूटरवाल्याची. ट्रकचा प्रतिध्वनी दणदणीत. अंतराच्या आलेखात त्याचं जे उंच शिखर दिसतं, त्याच्याशेजारी गणितामुळेच खोट्या लाटा उमटतात आणि स्कूटरचा क्षीण प्रतिध्वनी त्यांत बुडतो. म्हणून सिग्नलच्या दोन्ही कडा हळूहळू उतरत्या करतात. लाटा दबतात, शिखर मात्र थोडं पसरट होतं, म्हणजे अगदी जवळच्या वस्तू वेगळ्या ओळखणं जरा अवघड जातं. घोडबंदर रोडवर ट्रकना खेटून जाणारी पोरं मी रोज बघते, मला हा सौदा मंजूर आहे.