अशिक्षित मच्छीमारांना सागरी संवर्धनाचं महत्त्व कसं पटवून द्यावं?

प्रश्नातला ‘अशिक्षित’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. मी मालवणचा, गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातला. बीएस्सी झालोय, पण दर्याचं जे काही कळतं ते आजोबांच्या रापणीवर कळलं, आणि आजोबांची शाळा तिसरीत सुटली होती.

आमच्या रापणीत चाळीसेक माणसं. पहाटे होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं, मग दोन्ही बाजूंचे दोर ओढत किनाऱ्यावर आणायचे. दोराला हात लागला त्याला वाटा, होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा. आजोबा गेल्यावरही आजीला अर्धा वाटा घरी यायचा. कागद कुणी केला नव्हता. तारली मासळी किनाऱ्याकडे आली तर मिळणार, नाही आली तर मोकळं जाळं वाळत घालायचं. पर्ससीनवाल्याकडे यांत्रिक बोट आणि थैलीसारखं आवळायचं मोठं जाळं; तो माशांच्या थव्यामागे जाऊन थवाच अख्खा घेरतो.

काही वर्षांपूर्वी गावच्या शाळेत ‘शाश्वत मासेमारी’वर बैठक झाली. वेळ सकाळी अकराची, बोलावणं बोटमालकांना. अकरा वाजता आमची काकी बाजारात मासे विकत असते, तिच्यासारख्या सगळ्याच. पडद्यावर ‘परिसंस्थाधारित व्यवस्थापन’ असं काहीतरी चाललं होतं. बैठक संपता संपता काकी रिकामी टोपली घेऊन दारात उभी राहिली. पाहुणे साहेब म्हणाले, “मावशी, तुम्हीही संवर्धनाला हातभार लावा.” काकी म्हणाली, “बारकी सुरमय घेवची नाय म्हणान मी ठरवलंय. पण लिलावाक तीच येता. ती धरून हाडता तेका बोलवलात काय?”

बोलावलं होतं. तो पहिल्याच रांगेत बसला होता, पुष्पगुच्छ मांडीवर ठेवून. माझा सख्खा दादा. २०१५ साली होडी आणि जाळ्यातला आमचा हिस्सा विकून त्याने पर्ससीनमध्ये भागी घेतली. डिप्लोमा इंजिनिअर आहे. २०१६ च्या आदेशाप्रमाणे राज्याच्या हद्दीत पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, हे त्याला तारखेसकट पाठ. एलईडी दिव्यांची मासेमारी केंद्राने २०१७ मध्ये बंद केली, तेही पाठ. तरी जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या किनाऱ्यावरून रात्री समोर जत्रा भरल्यासारखे दिवे दिसतात. आता सांगा, कुणाला पटवून द्यायचं राहिलंय?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, आधी लोकांचे स्वतःचे नियम काय आहेत ते विचारा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जायचं नाही, ही बंदीच होती. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पौर्णिमा गेली ३० ऑगस्टला. म्हणजे नारळासाठी थांबणारा महिनाभर किनाऱ्यावर, आणि बाकीच्यांची जाळी १ ऑगस्टलाच पाण्यात. रीत पाळणाऱ्याचं नुकसान होईल असा नियम केलात तर रीतही जाते आणि नियमही कुणी मनापासून पाळत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९.१२ चौरस किलोमीटर. त्याला मच्छीमारांनी विरोध केला तो प्रवाळाशी वैर म्हणून नव्हे; त्याच पाण्यावर घरं चालतात. बैठक संध्याकाळी घ्या, लिलावाच्या जागी घ्या, विकणाऱ्या बायकांना आधी बोलू द्या. एवढं तरी करा.

हां, एक कबूल करतो, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. आम्ही काही संत नाही. रापणीतही बारकी मासळी येते, आणि आली की परत कोण सोडतो? आमच्यातही बारीक आसाची, म्हणजे छोट्या भोकांची जाळी आहेत. दादाच्या बोटीवरचे निम्मे खलाशी रापणकरांचीच पोरं आहेत, आणि त्यांना महिन्याला जे मिळतं ते रापणीत मिळत नाही, हेही खरं. दादाचं म्हणणं, रापण म्हणजे आता पर्यटकांना दाखवायचा खेळ, आणि घरावरचं कर्ज त्याने फेडलं. फेडलं, नाही म्हणत नाही.

पण दादा, तू हे वाचशीलच. तू हिस्सा विकलास तेव्हा आजी जिवंत होती. पुढची दोन वर्षं ती रोज सकाळी पडवीत बसून आपला वाटा कोण घेऊन येतं याची वाट बघायची.