नोटीस मिळताच नवऱ्याने नोकरी सोडली, आता पोटगी बुडणार का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पोटगीची नोटीस मिळताच नवऱ्याने अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडली. आता तो निफाडकडे वडिलांच्या द्राक्षबागेत आहे आणि ‘पगारच नाही तर पोटगी कुठली’ म्हणतो. तुम्ही माहेरी नाशिकला शिकवण्या घेता.

पोटगी बुडत नाही. मी नाशिकलाच कौटुंबिक केसेस चालवते. नोटीस गेली की राजीनामा, हा प्रकार इतका सर्रास झालाय की संताप येतो. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अंजू गर्ग खटल्यात सांगितलं. तिथेही नवरा धंदा बंद पडला म्हणत होता. कोर्ट आजचा पगार तेवढा बघत नाही, कमावण्याची कुवत बघतं.

खरी लढाई पुराव्याची आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याचं ओळन्‌ओळ वाचा. जुन्या पगाराच्या स्लिपा, पगार जमा व्हायचा ती बँक, गाडीचे हप्ते, जे माहीत असेल ते वकिलांना सांगा. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून गप्प बसू नका. सातबारा आणि फेरफार काढा; वडिलोपार्जित असेल तर त्याचा हिस्सा कोर्टापुढे मांडता येतो. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याने कुणाच्या खात्यावर टाकले, हेही उलटतपासात विचारता येतं.

तुमच्या शिकवण्यांची कमाईसुद्धा खरी लिहा. लपवलेली कमाई उलटतपासात निघाली की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. आणि लपवायची गरजच नाही. चार पैसे कमावते म्हणून बायकोचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या चतुर्भुज विरुद्ध सीताबाई निकालात २००७ मध्येच ठरलंय.

तो तारखा वाढवतोय म्हणून खचू नका. रजनेश निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. केस चालेपर्यंत अंतरिम पोटगी मागा. तो अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा, असं कायदाच सांगतो. हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली येतं, म्हणजे जुनं १२५.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. मोफत वकील देताना बाईची मिळकत बघत नाहीत.

हुकूम झाल्यावर पैसे खात्यावरच घ्या, रोख नको. हप्ता थकला तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका, नाहीतर या कलमाखाली त्या हप्त्याचं वॉरंट निघत नाही. आणि पैसे न भरता तो तुरुंगात जाऊन आला, तरी थकबाकी त्याच्या डोक्यावर तशीच राहते.